बोडी, बांधी आणि नदी : पाण्याला नाव देण्याची गोष्ट

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण. बोलण्याचा ओघ कायम ठेवून शब्दांकन केले आहे.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "पंधरा मिनिटं बोला, शाळेच्या आठवणी सांगा." मी म्हणालो, आठवणी सगळेच सांगतील. मी माझ्या कामाबद्दल बोललो तर चालेल का? ते जरा थांबले आणि म्हणाले, "चालेल, पण कळेल असं बोला." तेव्हा कळेल असं बोलण्याचा प्रयत्न करतो. नाही कळलं तर भूगोलाचे सर समोर बसलेले आहेत, ते मला उभं करतील. त्यांची ती सवय आहे.

माझं काम उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे करण्याचं. त्यातही माझी बहुतेक वर्षं पाण्याच्या जागा ओळखण्यात आणि त्यांची वर्गवारी करण्यात गेली. हे तळं, हा जलाशय, ही दलदल, हा नदीकाठ. सरकारी भाषेत या सगळ्यांना 'पाणथळ जागा' म्हणतात. शब्द मोठा आहे, पण आपण झाडीपट्टीची माणसं. आपण त्यातच वाढलो.

आठवा जरा. शाळेच्या मागच्या कुंपणापलीकडे एक बोडी होती. बोडी म्हणजे काय हे इथे कुणाला सांगायला नको, पण स्मरणिका पुण्या-मुंबईतल्या नातवंडांच्या हातात पडेल म्हणून सांगतो. बोडी म्हणजे लहान तळं, शेतकऱ्याने आपल्या धानाच्या बांध्यांना पाणी मिळावं म्हणून बांधलेलं. त्याहून मोठा तो तलाव. मालगुजारांच्या काळातले तलाव १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेल्यावर सरकारकडे आले, म्हणून ते 'माजी मालगुजारी', आपल्या तोंडी 'मामा तलाव'. पूर्व विदर्भात असे हजारो तलाव आहेत. त्यातले कितीतरी कोहळी समाजाच्या पूर्वजांनी बांधले. नवेगावबांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं आपण लहानपणापासून ऐकत आलो.

तर ती शाळेमागची बोडी. पावसाळ्यात काठोकाठ भरायची, दिवाळीनंतर आक्रसायची आणि मार्चमध्ये तिच्यात आपण क्रिकेट खेळायचो. एका पावसाळ्यात बोडीच्या उथळ कडेला सारसाच्या जोडीने घरटं केलं होतं. सातवीची खिडकी त्या बाजूला होती. महिनाभर गणिताच्या तासाला निम्मा वर्ग खिडकीबाहेर बघत होता. सरांनी आधी खिडकी बंद केली, मग एक दिवस स्वतःच उघडली आणि म्हणाले, "बघून घ्या पाच मिनिटं, मग वही काढा."

आता माझी एक चूक सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं बोलणं खोटं होईल.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे जमीनवापराच्या नकाशाचं एक काम आलं. योगायोगाने त्यात आपला भाग होता. मला मिळालेलं चित्र मार्च महिन्याचं होतं. मी खोलीत बसून तुकड्या-तुकड्याला रंग देत गेलो. पाणी दिसलं तिथे निळा, पीक दिसलं तिथे हिरवा, काहीच दिसलं नाही तिथे 'पडीक'. शाळेमागच्या त्या जागी काहीच दिसत नव्हतं. मी 'पडीक' लिहिलं. मी, ज्याने त्या बोडीत पोहायला शिकलं! काम संपलं, नकाशा गेला.

काही वर्षांनी गावी आलो तेव्हा बोडी बुजलेली होती. आज तिथे काय आहे ते तुम्ही येताना पाहिलंच आहे. माझ्या नकाशामुळे ती बुजली असं मी म्हणत नाही. नकाशा कुणी पाहिला तरी असेल की नाही, देव जाणे. पण ज्या दिवशी कुणी विचारलं असतं, "इथे काही आहे का?", त्या दिवशी कागदावरचं उत्तर "काही नाही" असं होतं, आणि ते उत्तर माझ्या हातचं होतं. त्या दिवसापासून मी वर्गवारीकडे कारकुनी काम म्हणून पाहणं सोडलं. जागेला जे नाव देता, तसं तिच्याशी वागलं जातं.

आता जगात हे कसं करतात ते थोडक्यात सांगतो.

२ फेब्रुवारी १९७१ रोजी इराणमधल्या रामसर गावी देशोदेशींचा एक करार झाला. भारत त्यात १९८२ मध्ये सामील झाला. या कराराने पाणथळ जागेची व्याख्या अगदी मोकळी ठेवली. नैसर्गिक असो की माणसाने केलेली, कायमची असो की हंगामी, पाणी वाहतं असो की साचलेलं, गोडं असो की खारं, सगळं पाणथळ. समुद्राचा ओहोटीला सहा मीटरपर्यंत खोल असलेला भागही त्यात. मग त्यांनी या सगळ्याचे ४२ प्रकार केले. त्यात सिंचनाखालची शेती आहे, भातखाचरं आहेत, लहान तळी आहेत. म्हणजे आपली बांधी आणि बोडी दोन्ही रामसरच्या यादीत बसतात.

अमेरिकेत १९७९ साली काउर्डिन आणि सहकाऱ्यांनी दुसरी पद्धत दिली. समुद्र, खाडी, नदी, सरोवर आणि दलदल असे पाच मोठे गट. मग तळ कसला, वनस्पती कुठली, पाणी किती काळ राहतं, याप्रमाणे खालच्या पायऱ्या. पुढे १९९३ मध्ये ब्रिन्सन यांनी वेगळाच प्रश्न विचारला. ते म्हणाले, जागा दिसते कशी ते बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी सांगा. ती भूरचनेत कुठे आहे? पाणी येतं कुठून? आणि ते हलतं कसं? पावसाचं, झऱ्याचं की नदीच्या पुराचं? फक्त वरखाली होतं की वाहतं? मला ही पद्धत पटते, कारण जागा कशाने मरेल हे त्यातून कळतं. पुराच्या पाण्यावर जगणाऱ्या जागेचा पूर अडवला तर ती मरते, मग तिच्याभोवती कितीही सुंदर कुंपण घाला.

आपल्या महाराष्ट्रात तीन रामसर स्थळं आहेत. लोणारचं सरोवर, नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर आणि ठाण्याची खाडी. लोणार उल्काघाताच्या खळग्यातलं खारं, क्षारयुक्त पाणी. तिथे जास्तीचं गोडं पाणी आणि सांडपाणी शिरणं हाच धोका. ठाण्याच्या खाडीचा जीव भरती-ओहोटीत आणि चिखलात. तिथे भराव पडला की रोहितांचं अन्न गेलं. नांदूर मध्यमेश्वर तर गोदावरी आणि कादवाच्या संगमाजवळच्या बंधाऱ्यामागे साचलेल्या पाण्यात आणि गाळात तयार झालं. बंधारा शंभर वर्षांपूर्वी सिंचनासाठी बांधला होता. पाखरांनी परवानगी न विचारता तिथे मुक्काम केला, १९८६ मध्ये अभयारण्य झालं आणि पुढे ते राज्यातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. तिघांनाही 'पाणथळ' म्हणून एकच औषध दिलं तर तिघंही आजारी पडतील. वर्गवारीचा उपयोग तो हा.

आता आपल्या देशाचा हिशेब. अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राने उपग्रहचित्रांवरून देशभरातल्या पाणथळ जागांचा नकाशासंग्रह केला, तो २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी दोन भाग, भूभागातल्या आणि किनाऱ्यावरच्या. मग नैसर्गिक आणि मानवनिर्मित. मग एकूण १९ प्रकार. सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या २,०१,५०३ जागा त्यांनी रेखल्या. फार मोठं काम आहे ते, आणि पावसाळ्याआधीचं व नंतरचं अशी दोन्ही चित्रं त्यांनी वापरली. मी एका चित्रावर भागवलं होतं, ती चूक त्यांनी केली नाही. सव्वादोन हेक्टरपेक्षा लहान अशा साडेपाच लाखांहून जास्त जागा मात्र नकाशावर नुसते ठिपके म्हणून आल्या. त्या प्रमाणाच्या नकाशात दुसरं काही शक्यच नव्हतं. पण ठिपक्याला काठ नसतो, आणि सारस घरटं करतो तो काठाच्या उथळ पाण्यात.

पुढे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्या दोन लाखांवर जागांना संरक्षण द्यायला सांगितलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्यांची जागेवर जाऊन पडताळणी व सीमांकन करण्याचे निर्देश राज्यांना दिले. चांगली गोष्ट आहे. पण आपल्या बहुतेक बोड्या त्या दोन लाखांत नाहीत, त्या ठिपक्यांत आहेत.

आणि याच २०१७ साली केंद्राचे पाणथळ जागांचे नवे नियम आले. त्यातली व्याख्या मी पहिल्यांदा वाचली तेव्हा दोनदा वाचली. सुरुवातीला तळी, जलाशय, खाड्या, मानवनिर्मित जागा असं बरंच काही आहे. मग येतं 'मात्र यात समावेश नाही'. कशाचा? नदीच्या पात्रांचा. भातशेतीचा. पिण्याच्या पाण्यासाठी खास बांधलेल्या तलावांचा. आणि मत्स्यशेती, मीठ, मनोरंजन व सिंचन यांसाठी खास बांधलेल्या रचनांचा.

आता आपल्या सारसाचं वर्ष बघा. पावसाळ्यात तो बांधीत किंवा बोडीच्या कडेला घरटं करतो. गवत, लव्हाळं, धानाचे पेंढे रचून पाण्यातच ढीग करतो, बहुधा दोन अंडी, महिनाभर नर-मादी आलटून-पालटून बसतात. हिवाळ्यात धान कापून झालं की कापलेल्या बांध्यांत आणि तलावांच्या आटत्या कडांवर कंद, किडे, सांडलेले दाणे शोधतो. उन्हाळ्यात बोड्या आटल्या की मोठ्या तलावांकडे आणि वैनगंगा, बाघ या नद्यांच्या काठाकडे जातो. बांधी म्हणजे भातशेती, वगळलेली. बोडी म्हणजे सिंचनाची रचना, वगळलेली. नदीचं पात्र, तेही वगळलेलं. त्याच्या बारा महिन्यांच्या घराच्या तिन्ही खोल्या व्याख्येबाहेर!

महाराष्ट्रात सारस आता जवळजवळ फक्त आपल्या गोंदिया-भंडाऱ्यात उरलाय. आपल्या गणनेत तो पन्नाशीच्या आत असतो. ज्या मुलांनी आज सकाळी स्वागताला फुलं दिली, त्यांच्यातल्या किती जणांनी सारस पाहिलाय? हात वर करा बरं. चार. आमच्या वर्गात हा प्रश्न विचारला असता तर न पाहिलेला शोधावा लागला असता.

आता कुणी म्हणेल, आणि आमच्याच तुकडीतल्या एका शेतकरी मित्राने काल रात्री जेवताना म्हटलं, "म्हणजे तू आमच्या बांध्यांना पाणथळ ठरवून आमच्यावर बंदी आणणार. उद्या मला धुरा नीट करायलाही परवानगी काढावी लागेल." त्याचं म्हणणं चुकीचं नाही. भातशेती वगळण्यामागे हीच भीती आहे, आणि ती खरी आहे. मी बंदीची मागणी करत नाही. सारस टिकलाय तोच मुळी धान लावणाऱ्या माणसामुळे. घरटं दिसल्यावर तेवढा तुकडा सोडून रोवणी करणारा शेतकरी नसता तर सारस केव्हाच संपला असता. कायद्याचा खण आणि ओळखीचा खण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायद्यात नसलं तरी बांधीला 'पाखराच्या वापरातली पाणथळ' अशी ओळख आपण गावात देऊ शकतो. त्याला राजपत्र लागत नाही. त्यातून नुकसानभरपाई मागता येते, वीजतारांचा प्रश्न कुठे आधी सोडवायचा ते कळतं, कीटकनाशकं कुठे टाळायची ते ठरवता येतं.

ओळख नसली की चांगल्या हेतूनेही कसं नुकसान होतं, याचं उदाहरण देतो. तलावांतला गाळ काढण्याच्या योजना चालू आहेत. गाळ काढायलाच हवा, शेतात टाकायलाच हवा, यात वाद नाही. पण यंत्र लागलं की तलाव कसा खणला जातो? सगळीकडे सारखा, कढईसारखा. कंत्राटाच्या कागदात 'तलाव' हा एकच शब्द असतो. आपल्या आजोबांच्या दृष्टीने मात्र तलाव एक नव्हता. पाळीजवळचं खोल पाणी ढीवरांच्या मासेमारीचं. त्यापुढे शिंगाड्याची, कमळाची जागा. त्यापुढे देवधान आणि लव्हाळं उगवणारी गुडघाभर पाण्याची कड. आणि पाणी मागे सरकलं की उघडी पडणारी गाळपेराची जमीन. एकाच तलावात चार जागा, चौघांच्या हक्काच्या आणि वेगवेगळ्या जिवांच्या. मरळीसारखा मासा उथळ, वनस्पतींच्या पाण्यात वाढतो. बदकं मधल्या पट्ट्यात, सारस कडेला. कढई खणली की पाणी वाढतं, पण कड जाते. पाळीकडचा गाळ काढा आणि वरची उथळ बाजू सोडा, एवढं एक वाक्य कंत्राटात आलं तरी फरक पडेल. पण ते वाक्य लिहायला आधी त्या बाजूला नाव असावं लागतं.

उलटही होतं. काही तलावांत बेशरम इतकी माजलीय की पाणीच दिसत नाही. ती काढायलाच हवी. पण 'सगळी झुडपं साफ' असा आदेश गेला की बेशरमीबरोबर देवधान आणि लव्हाळंही जातं. काय ठेवायचं आणि काय काढायचं, हे ओळखणाऱ्यालाच ठरवता येतं.

नदीकाठाचंही तेच. आपण नदी म्हणजे पाणी समजतो. पण नदीला पाण्याचा पट्टा असतो, मग वाळूचा, मग कहू, करंज, जांभूळ, उंबर यांच्या मुळांनी धरलेला काठ, आणि त्यामागे पुरात बुडणारी सखल जमीन. वाळू नेणाऱ्याला दुसरा पट्टा दिसतो, शेत वाढवणाऱ्याला तिसरा, आणि चौथ्यावर घरं होतात. चारही मिळून नदी आहे, हे कागदावर कुठेच नसेल तर प्रत्येक जण आपापला पट्टा नेतो, आणि दोषी कुणीच नसतो.

आता शेवटची गोष्ट, म्हणजे शाळेकडे एक मागणं.

आपल्या तुकडीने या मेळाव्याच्या निमित्ताने निधी जमवला आहे. कमान बांधावी, पाण्याची टाकी बांधावी, अशा सूचना आहेत. त्या होवोत. मी माझ्या वाट्याला आणखी एक काम मागतो. शाळेला ज्या ज्या गावांतून मुलं येतात, त्या गावांतल्या प्रत्येक बोडीची, तलावाची आणि नाल्याच्या डोहाची एक वही करू या. मोठं शास्त्र नको. पाच प्रश्न पुरेत. गावात तिला काय म्हणतात? पाणी कुठून येतं आणि भरल्यावर कुठे जातं? पाणी कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत असतं? उथळ कड कुठल्या बाजूला आहे आणि तिथे काय उगवतं? आणि तिथे कोण कोण येतं, माणसं, जनावरं, पाखरं?

मुलांनी वर्षातून तीनदा जायचं, ऑगस्टमध्ये, डिसेंबरमध्ये आणि एप्रिलमध्ये. माझ्यासारखं फक्त मार्चमध्ये नाही! उत्तरं आजी-आजोबांना विचारायची, ढीवर काकांना विचारायची. नकाशा मी करून देईन, फुकट करून देईन, आणि यावेळी ठिपका नसेल, प्रत्येक बोडीला काठ असेल. वही ग्रामसभेत ठेवायची आणि ठरावाने नोंदवून घ्यायची. जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीला लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची आहेच. आपली वही तिच्यात जोडता येईल.

यामुळे सारस वाचेल का? मी तसं वचन देऊ शकत नाही. पण उद्या कुणी कागद घेऊन आला आणि त्याने विचारलं, "इथे काही आहे का?", तर उत्तर द्यायला कुणीतरी असेल. शाळेमागच्या बोडीच्या वेळी ते माझं काम होतं आणि मी ते केलं नाही.

सर, तुम्ही त्या पावसाळ्यात खिडकी उघडली होती. आता आमची पाळी आहे.

वेळ जरा जास्त घेतला, माफ करा. जेवण थंड होतंय असं मागून कुणीतरी खुणावतंय.